सरावाचा निळा ड्रम

तुमच्या ओट्याखाली, मोरीत, जिन्याखालच्या कपाटात ज्या बाटल्या ठेवलेल्या असतात, त्यांच्यावर लिहिलेलं तुम्ही शेवटचं कधी वाचलं होतं? की रंग ओळखीचा, जागा ओळखीची, म्हणून हात आपोआप गेला आणि झाकण उघडलं?

उत्तर मला सांगू नका. ते ऐकून माझ्या हातून काही व्हायचं नाही. मी एक निळा प्लास्टिकचा ड्रम बोलतोय. माणसाच्या कमरेपर्यंत येईल एवढी माझी उंची. वरचं तोंड सगळंच्या सगळं उघडतं. त्यावर झाकण, झाकणाभोवती लोखंडी कडं, आणि ते कडं आवळायला एक कळ. गोदामाच्या मोठ्या दाराशेजारच्या कोपऱ्यात माझी जागा आहे. इथं मला सगळे ‘सरावाचा ड्रम’ म्हणतात.

माझा जन्म साच्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात सोडतात, आत हवा फुंकतात आणि आम्ही फुग्यासारखे फुगून बाहेर येतो. माझ्याबरोबर बरीच भावंडं होती. त्यांतली काही तपासणीसाठी बाजूला काढली. त्यांना पोटभर भरून, थंडीत गारठवून, उंचावरून सिमेंटच्या फरशीवर टाकलं. काहींच्या डोक्यावर ओझी रचली आणि वाट पाहत बसले. ती फुटली नाहीत, म्हणून आमच्या अंगावरच्या ठशाला किंमत आली. हा ड्रम धोक्याचा माल वाहायला लायक आहे, असा त्या ठशाचा अर्थ. भावंडांनी खाल्लेल्या मारावर मला ही लायकी मिळाली, हे मी कधी विसरलो नाही.

मग मी रस्त्याला लागलो. माझ्या पोटात काय काय नेलं म्हणून सांगू. रंगात घालायची भुकटी नेली, पोहायचे तलाव स्वच्छ करायचं औषध नेलं, कातडं कमावायचं रसायन नेलं. प्रत्येक वेळी माझ्या अंगावर दोन्ही बाजूंना टोकावर उभा केलेला चौकोन चिकटवायचे. कधी ज्वाळा, कधी कवटी, कधी नुसते काळे-पांढरे पट्टे. तो चौकोन पाहिला की माणसं चालता चालता थोडी बाजूला व्हायची. विडी ओढणारा विडी विझवायचा. मला ते आवडायचं. त्या दिवसांत माझ्या अंगावर जे लिहिलेलं असे, तेच माझ्या पोटात असे. एवढं साधं होतं सगळं.

पण प्लास्टिक वरून धडधाकट दिसलं तरी आतून थकतं. म्हणून आमच्या जातीच्या ड्रमांना पाच वर्षांनंतर धोक्याचा माल घेऊन रस्त्यावर जाऊ देत नाहीत. माझी पाच वर्षं भरली तेव्हा मी याच गोदामात होतो. मला तीनदा धुतलं, लेबल खरवडून काढलं आणि कापायला पाठवायच्या ढिगात उभं केलं. तिथं मला ताईने पाहिलं.

ताई म्हणजे इथल्या माणसांना माल सुरक्षित पाठवायचे नियम शिकवणारी बाई. आधी ती पॅकिंगच्या टेबलावर लेबलं लावायची. पुढे कंपनीने तिला बाहेर पाठवून शिकवून आणलं आणि वर्ग तिच्याकडे दिला. तिचा वर्ग म्हणजे सुरुवातीला एक अंधारी खोली, भिंतीवर पडणारी चित्रं आणि खुर्च्यांवर पेंगणारे लोडर. एक जण तर घोरायचा. ताई चित्रं बदलत राहायची आणि आवाज थोडा वाढवायची.

“साहेब, तो निळा ड्रम मला द्या,” ती गोदामाच्या साहेबांना म्हणाली.

“कशाला? कुणाचं लग्न काढलंय का? पाणी भरायला हवाय?”

“वर्गाला हवाय. चित्रातल्या ड्रमाला कुणी हात लावत नाही, साहेब. हाताला वजन लागल्याशिवाय यांच्या डोक्यात काही शिरत नाही.”

साहेबांनी खांदे उडवले. मी वाचलो.

ताईच्या या धडपडीला कारण होतं. तिचा लहान भाऊ याच कंपनीत ट्रक चालवायचा. तिनेच त्याला इथं लावलं होतं. पहिल्या दिवशी “हा माझा धाकटा” म्हणून सगळ्यांना ओळख करून दिली, तेव्हापासून सगळं गोदाम त्याला धाकटा म्हणू लागलं. पुढे त्याच्या मिशीत पांढरे केस आले, त्याला मुलगी झाली, तरी तो धाकटाच राहिला. “त्याच्या पाठीमागे हा माल असतो,” ताई एकदा मला पुसता पुसता स्वतःशीच म्हणाली, “त्याला निदान कळू दे, पाठीमागे काय बसलंय ते.”

तिने मला पाण्याने भरलं. भरलेला ड्रम कसा कलता करायचा, ट्रॉलीवर कसा घ्यायचा, कडं कसं आवळायचं, हे सगळं माझ्यावर शिकवायचं ठरलं. दर वर्गाला ती माझ्या अंगावर वेगळं लेबल लावायची. माणसांनी लेबलांना नावं पाडली. ज्वाळेचं ते आगवाला. कवटीचं ते कवटी. आणि ज्यावर नळीतून थेंब पडून हात खाल्ला जातोय असं चित्र असतं, ते हातखाऊ.

“वाचल्याशिवाय?” ताई विचारायची.

“हात लावायचा नाही,” सगळे एका सुरात म्हणायचे.

“आणि रिकामा ड्रम?”

“भरलेलाच समजायचा.”

“कधीपर्यंत?”

“धुऊन लेबल काढेपर्यंत.”

कुठला माल कुठल्या मालाशेजारी ठेवायचा नाही, हा धडा सगळ्यांना कठीण जायचा. एक जुना लोडर होता, त्याला सगळे मामा म्हणत. तो हात वर करून म्हणायचा, “ताई, हे मला घरीच शिकवलंय. माझी आई आणि माझी बायको. मधे किती अंतर ठेवायचं तेवढं सांगा.”

“निदान एक अख्खा ट्रक,” ताई म्हणायची, आणि पेंगणारेसुद्धा जागे व्हायचे.

तरीही वर्ग भरायचा नाही. कुणाची गाडी आलेली असायची, कुणाचं पोट दुखायचं. एका उकाड्याच्या दुपारी धाकट्याने एका प्रश्नाचं अगदी वेडंवाकडं उत्तर दिलं. ताई चिडली. तिने माझं झाकण उघडलं, मगाभर पाणी घेतलं आणि भावाच्या डोक्यावर ओतलं.

“घे. तुझ्या उत्तराप्रमाणे हे ॲसिड होतं. आता सांग.”

मग धाकटा जमिनीवर लोळला. “मेलो, मेलो. माझी कातडी गेली, माझ्या पोरीला सांभाळा.” हसून हसून मामाच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या वर्गाला खुर्च्या कमी पडल्या.

तेव्हापासून ती पद्धतच झाली. ज्याचं उत्तर चुकेल त्याला माझ्यातलं पाणी. पाणी पडलं की त्याने मेल्याचं सोंग करायचं. माझ्या कड्याला एक मगा दोरीने बांधला गेला. दुसऱ्या गोदामांतून माणसं हा वर्ग बघायला आली. साहेबांनी ताईचं चारचौघांत कौतुक केलं. आणि खरं सांगतो, माणसं शिकलीही. लेबलाकडे नुसतं पाहून आतल्या मालाचा स्वभाव सांगू लागली.

एकट्या सुपरवायझरला हे पटलं नाही. तो प्रत्येक गोष्ट मोजून-मापून करायचा, म्हणून त्याचं नाव मोजपट्टी पडलं होतं. तो एकदा ताईला म्हणाला, “ताई, आत धोका नसेल तर धोक्याचं लेबल लावायचं नाही, असा नियम आहे. तुम्हीच शिकवता.”

“हो, बरोबर आहे. वर्ग झाला की मी काढते ना.”

आणि ती काढायचीही, सुरुवातीला. पण लेबल निघताना फाटायचं, डिंक राहायचा, नखं दुखायची. मग ती पुढच्या वर्गापर्यंत तसंच ठेवू लागली. नवं लेबल जुन्यावरच चिकटू लागलं. मोजपट्टी दोन-चारदा बोलला, मग त्यानेही सोडून दिलं. वर्गाची हजेरी उत्तम होती, वरून कुणी काही विचारत नव्हतं.

माझ्या अंगावर जे लिहिलेलं असे, ते आता माझ्या पोटात नसे. आठवडाभर मी कवटी मिरवायचो आणि पोटात नळाचं पाणी असायचं. माणसं माझ्याजवळून जाताना बाजूला होईनाशी झाली. कुणी माझ्यावर डबा ठेवून जेवायचं, कुणी टेकून फोनवर बोलायचं.

धाकट्याची तर एक खास सवय होती. लांबच्या फेरीवरून आला की ट्रक उभा करायचा आणि थेट माझ्याकडे यायचा. बहिणीचा शब्द पाळायचा म्हणून आधी लेबल मोठ्याने वाचायचा. “आज काय पोटात? आगवाला? बरं बाबा, जपून हं.” मग कळ उघडायचा, झाकण बाजूला ठेवायचा आणि दोन्ही हातांची ओंजळ भरून तोंडावर पाणी मारायचा. रस्त्याची धूळ डोळ्यांतून निघावी म्हणून तो डोळे उघडे ठेवूनच पाणी मारायचा. शेवटी ठरल्याप्रमाणे थोडं ओरडायचा, “मेलो, मेलो,” आणि आसपासचे हसायचे. गोदामाला कळायचं, धाकटा आला.

“नळ तिकडे आहे ना रे,” ताई म्हणायची.

“तुझ्या नळाला लेबल कुठंय? मी वाचल्याशिवाय हात लावत नाही.”

ताई हसायची. भाऊ सुखरूप परत आला, यातच तिचं सगळं आलं.

असंच चाललं असतं. पण एका सकाळी माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचा लोखंडी दात कॉस्टिकच्या ड्रमात घुसला. कॉस्टिक म्हणजे साबणवाल्यांना, कागदवाल्यांना लागणारं रसायन. पाण्यात विरघळवलेलं असलं की ते पाण्यासारखंच दिसतं. वास नाही, रंग नाही, वाफ नाही. पण ॲसिडपेक्षा वाईट, कारण ते आत आत शिरत जातं.

मोजपट्टी गडबडला नाही. त्याने माणसांना मागे सरकवलं, सांडलेल्यावर माती टाकली, हातमोजे, चष्मा सगळं घातलं. गळका ड्रम ज्यात ठेवायचा तो मोठा पिवळा ड्रम आणायला माणूस धावला. अशा वेळेसाठीच तो ठेवलेला होता. पण पिवळ्या ड्रमात केरसुण्या, फडकी आणि दोरखंड भरलेले होते आणि त्याचं झाकण कुणाला आठवत नव्हतं इतक्या आधी हरवलं होतं.

“सरावाचा ड्रम आणा,” मोजपट्टी म्हणाला. “तात्पुरता. रस्त्यावर जायचा नाहीये तो. उद्या गाडी येऊन माल उचलेल.”

त्याने माझं पाणी ओतून टाकलं. मला कोरडं केलं. दोरी सोडून मगा काढून घेतला. पंपाने उरलेलं कॉस्टिक माझ्यात घेतलं. कडं आवळलं. जुनं लेबल फाडलं आणि दोन्ही बाजूंना नवंकोरं हातखाऊ लावलं, अगदी सरळ. मला कुठे ठेवायचं याचाही त्याने विचार केला. आतल्या बाजूला ॲसिडचा माल होता, त्याच्याजवळ कॉस्टिक ठेवायचं नाही. अंतर पायांनी मोजून त्याने पाहिलं आणि नियमात बसेल अशी एकच जागा सापडली. दाराशेजारचा कोपरा. माझीच जागा.

पाळीवरच्या प्रत्येकाला त्याने बोलावून सांगितलं. पाळी संपल्यावर दुसऱ्या पाळीच्या माणसांसाठी फळ्यावर लिहिलं, ‘दाराजवळचा निळा ड्रम, हातखाऊ, कुणीही हात लावू नये.’ मग सही करून घरी गेला. त्याचं काय चुकलं, ते मी तेव्हापासून शोधतोय. मला सापडत नाही.

दुसऱ्या पाळीला मामा आला. फळा वाचून म्हणाला, “ताईनं उद्याच्या वर्गाची तयारी आतापासूनच केली वाटतं.” दुसऱ्याने मान डोलावली. वर्गाच्या आदल्या दिवशी ताई त्या फळ्यावर असंच काहीतरी लिहायची. ताई आत तिच्या खोलीत होती. तिचा सकाळपासून दुसऱ्या इमारतीत वर्ग होता. ती नुकतीच परतली होती, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

ऊन कलताना ट्रकचा आवाज आला. तो आवाज मी ओळखत होतो.

खूप वर्षांनी त्या दिवशी माझ्या अंगावर जे लिहिलेलं होतं, तेच माझ्या पोटात होतं. हे मला माहीत होतं. पण ड्रमाला जे काही सांगायचं असतं ते लेबलातूनच सांगावं लागतं. मला दुसरं तोंड नाही.

धाकटा आला. मान मोडली, हात ताणले.

“काय मामा, जिवंत आहात?”

“तुझीच वाट बघत होतो. म्हटलं हा येईल, मग मरू.”

धाकटा माझ्यासमोर उभा राहिला. त्याने वाचलं. मोठ्याने वाचलं. “हातखाऊ. आज हातखाऊ का? आणि तेही नवे कपडे घालून.” त्याने माझ्या कड्याला चाचपून पाहिलं. “अरे, मगा कुठे गेला? कुणी पळवला? तुम्ही नेला का मामा अंघोळीला?”

“मी कशाला नेऊ? मी अंघोळ कुठे करतो?”

धाकटा हसला. कळ उघडली. झाकण बाजूला ठेवलं. दोन्ही हात माझ्यात घातले, ओंजळ भरली आणि उघड्या डोळ्यांवर मारली. आणि लगेच दुसरी.

मग तो ओरडला.

मामा हसला. फोर्कलिफ्टवाला हसला. पलीकडे माल मोजणाऱ्यांनीसुद्धा मान वर न करता म्हटलं, “आला वाटतं धाकटा.” धाकटा जमिनीवर पडला, पाय आपटू लागला. मामाने टाळ्या वाजवल्या. “आज रंगात आलाय,” तो म्हणाला.

धाकटा ओरडायचा थांबला. दोन्ही मुठी डोळ्यांवर दाबून, अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “ताईला बोलवा. हे पाणी नाहीये.”

मामाचे हात हवेतच राहिले.

ताई धावत आली. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या लेबलाकडे. मग तिने त्याला काखेत धरून डोळे धुवायच्या नळापर्यंत ओढत नेलं. धाकटा डोळे उघडेना. वर्गात ती शिकवायची तसं तिने बोटांनी त्याच्या पापण्या फाकवून धरल्या आणि धार सोडली. तो तिला मारत होता, ढकलत होता, तिच्या हातांची कातडीही सोलवटत होती. “उघड, राजा,” ती म्हणत होती, “अजून थोडं. पंधरा मिनिटं तरी धरायचे असतात. तुला माहीत आहे ना. तू सांगितलं होतंस वर्गात.”

“सांगितलं होतं,” तो म्हणाला. “बरोबर सांगितलं होतं.”

दवाखान्याची गाडी येईपर्यंत तिने धार सोडली नाही. सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. तरी एक डोळा गेला. दुसऱ्याला खिडकी कुठे आणि भिंत कुठे, एवढंच कळतं.

मला रिकामं केलं, तीनदा धुतलं. पण लेबल कुणी काढलं नाही, कारण चौकशी व्हायची होती.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आला. माझ्याभोवती फिरला. लेबल होतं का? होतं. बरोबर होतं का? होतं. कडं लावलेलं होतं का? होतं. सूचना लिहिलेली होती का? होती. ड्रायव्हरला शिक्षण दिलं होतं का? दिलं होतं, त्याच्या सह्या आहेत. मग त्याने मान हलवली. “सगळं असून माणसाने हात घातला. याला काय करणार?”

त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. चूक धाकट्याची ठरली की कंपनी हात झटकायला मोकळी. नोकरी नाही, भरपाई नाही, आणि वर जन्मभराचं बोलणं. वाचता येत असून स्वतःचे डोळे घालवले, असं.

ताई पुढे आली. तिच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. “साहेब, त्याने लेबल वाचलं होतं. मोठ्याने वाचलं होतं, मामांनी ऐकलंय. पण या ड्रमावरचं लेबल खोटं असतं, हे मी त्याला शिकवलं. इतकी वर्षं, दर आठवड्याला. यातलं पाणी अंगावर घेऊन हसायला मी शिकवलं. त्याची चूक नाही.”

आमच्या साहेबांनी अधिकाऱ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. आवाज अगदी मऊ केला. “ताई, तुम्ही आत्ता दुःखात आहात. वर्गात पाणी उडवायचं असं अभ्यासक्रमात कुठे लिहिलंय?”

“नाही लिहिलेलं.”

“मग तसं काही होत नव्हतं.”

“तुम्ही स्वतः बघायला आला होता. हसला होता.”

“ताई, घरी जा. विश्रांती घ्या.”

तिने मामाकडे पाहिलं. मामा खाली बघत होता. त्याला निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. मोजपट्टीकडे पाहिलं. तो हातातल्या नोंदवहीची पानं उलटू लागला. मला वाटतं, तो बोलला असता तर सगळ्यांत आधी त्यालाच विचारलं असतं की तो ड्रम तू का वापरलास. तो काही वाईट माणूस नाही. त्याच्या घरीही माणसं आहेत.

काही दिवसांनी धाकट्याची बायको आली. त्याचा शर्ट, चपला आणि जेवणाचा डबा इथंच राहिला होता. ताईने ते सगळं पिशवीत भरून दिलं. धाकट्याची बायको माझ्यासमोर थांबली.

“हाच का?”

“हाच,” ताई म्हणाली.

तिने माझ्या अंगावरचं लेबल वाचलं. मग म्हणाली, “ते तुमच्यावर जराही रागावलेले नाहीत, ताई. तेच मला सोसवत नाही. सारखं एकच म्हणतात. ताईला सांग, मी वाचलं होतं.”

ताईने पिशवीच्या बंदांना उगाचच गाठ मारली.

“पोरगी आता औषधाच्या बाटल्यांवरचं वाचून दाखवते त्यांना. ते तिला दोन-दोनदा वाचायला लावतात. ती कंटाळते. म्हणते, बाबा, तेच आहे, कालचंच.”

“काय म्हणतो मग तो?”

“म्हणतात, पुन्हा वाच.”

ती गेल्यावर ताईने साहेबांकडे जाऊन सांगितलं की हा ड्रम कापून टाका. साहेब म्हणाले, “कापायला मंजुरी लागते. आणि वर्ग थांबवून चालणार नाही, उलट आता जास्तच घ्यावे लागतील. तुम्ही घेणार का?”

“नाही.”

“मग सुपरवायझर घेतील.”

संध्याकाळी ती माझ्याजवळ आली. खाली बसली. पट्ट्यांतून बाहेर आलेल्या नखांनी माझं लेबल खरवडू लागली. हातखाऊ निघालं, त्याखाली कवटीचा तुकडा निघाला, त्याखाली आगवाला, त्याखाली पुन्हा कवटी. वर्षानुवर्षांचे वर्ग थरावर थर बसले होते. तिची नखं दुखत असणार, पण तिने एकही थर ठेवला नाही. शेवटी माझं निळं अंग दिसलं आणि त्यावर माझा जुना ठसा, भावंडांनी मार खाऊन मिळवून दिलेला.

“आता तुझ्यावर काही नाही,” ती म्हणाली. “आत काही नाही, बाहेर काही नाही. असाच राहा.”

मग तिने वर्गाच्या खोलीची चावी मोजपट्टीच्या टेबलावर ठेवली आणि पिशवी घेऊन ती गेली. दारातून जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही. माझ्यापासून मात्र थोडं अंतर ठेवून गेली, पूर्वी माणसं जायची तशी.

मला तुमच्याकडून फार काही नको. तुमच्या घरी पाण्याच्या बाटलीत दुसरं काही भरून ठेवलं असेल, ‘आपल्याला माहीत आहे ना’ म्हणून, तर आज ते रिकामं करा. जिथं धोका नाही तिथं धोक्याची खूण गमतीलाही लावू नका. खूण एकदा खोटी पडली की ती पुन्हा खरी होते तेव्हा कुणाला कळत नाही. आणि तुमच्यापैकी कुणाचा इथल्या साहेबांशी संबंध असेल, तर माझ्यासाठी एक शब्द टाका. मला कापायला सांगा. मला वितळवून फुलझाडांची कुंडी करा, बादली करा, काहीही करा. माझ्या अंगावर पुन्हा काही चिकटवू नका.

ताई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने मला ढकलत नळाखाली नेऊन पाण्याने भरलं, मोजपट्टीने दोन्ही बाजूंना हातखाऊचं लेबल लावलं आणि वर्ग ठरल्या वेळेला सुरू झाला.